११४० किलोमीटर आणि सव्वादोन तास

आज मुंबई-दिल्ली विमानात शेजारचे काका हिशेब मांडत होते: ११४० किलोमीटर, वेग ताशी ८३०, मग दीड तासाच्या आत पोचायला हवं. तिकिटावर मात्र सव्वादोन तास!

ते ११४० म्हणजे नकाशावरची सरळ रेघ. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडा वळसा घेतो. १०,००० फुटांखाली वेग साधारण ताशी ४६० किलोमीटरपर्यंतच, त्यामुळे चढ-उतारात वेळ जातो. हवेतला खरा वेळ पावणेदोन तासांच्या आसपास. उरलेला जमिनीवर, कारण तिकिटावरची वेळ पार्किंगमधून विमान हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते आणि रांग लागते. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं की वर घिरट्या. कंपन्याही वेळापत्रकात थोडी सैल मिनिटं धरतातच, मग 'वेळेआधी पोचलो' म्हणायला मोकळ्या.

वाऱ्याची गंमत बघायची तर मुंबई-कोलकाता बघा. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे जोरात असतात, त्यामुळे जाताना लवकर, येताना उशीर. परतल्यावर पुढे गाडी पकडायची असेल, तर ती हा उशीर धरूनच ठरवा.