कुलपावरची ट्यूब

गेली अकरा वर्षं मी आमदारांचा स्वीय सहायक म्हणून काम करतो. आधी एका साहेबांकडे होतो, आता ताईंकडे आहे. मतदारसंघ मराठवाड्यातला. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या हकिकतीतली बरीच माणसं अजून तिथंच नोकरी करतात.

दरवर्षी आमच्या कार्यालयात कार्यअहवाल निघतो. गुळगुळीत कागदाची पुस्तिका, मुखपृष्ठावर ताईंचा नमस्कार केलेला फोटो आणि आत कामांची यादी: सिमेंट रस्ते, सभामंडप, हायमास्ट दिवे, शाळाखोल्या. मजकूर मीच लिहितो. त्या वर्षीच्या अहवालात पहिल्याच पानावर मी ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत घेतली होती. ३० खाटांचं रुग्णालय, फीत कापतानाचा फोटो. पान उठून दिसत होतं, मला त्याचा अभिमानही होता.

एका सोमवारी तीच पुस्तिका घेऊन एक म्हातारी कार्यालयात आली. पदराखालून तिनं पेढ्यांचा पुडा काढला आणि टेबलावर ठेवला. नात झाली होती. सून १०८ च्या गाडीतच, फाट्याच्या अलीकडे बाळंत झाली होती. दोघी सुखरूप होत्या. मग तिनं पुस्तिका उघडली, फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बापू, ह्यो दवाखाना आपल्याच गावातला हाय न्हवं? मग आमाला चाळीस किलोमीटर कामून धाडलं?"

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. 'पदनिर्मिती प्रलंबित आहे' हे आमचं ठरलेलं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण तिच्यापुढे ते बोलवेना. ताई शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आजी, चूक आमची आहे. बांधलंय, पण उघडलेलं नाही." आजी गेल्यावर मला एवढंच म्हणाल्या, "बाकीची कामं थांबली तरी चालतील. हे आधी."

इमारत उभी राहूनही दवाखाना बंद का राहतो, हे बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही. आमच्या गावात पूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्र होतं, ते जिल्हा परिषदेचं. त्याचं श्रेणीवर्धन होऊन ग्रामीण रुग्णालय मंजूर झालं, ते राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागानं बांधली. डॉक्टर, अधिपरिचारिका, औषधनिर्माता, क्ष-किरण तंत्रज्ञ, सफाईगार ही पदं मात्र वेगळी मंजूर व्हावी लागतात. तो प्रस्ताव आरोग्य विभागाकडून वित्त विभागाकडे आणि तिथून उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जातो. सगळ्यांची सही झाली की शासन निर्णय निघतो. भिंती आणि माणसं यांच्या फायली अशा दोन वेगळ्या वाटांनी चालतात आणि त्यांची गाठ घालून देणं हे कुणा एकाचं काम नसतं.

लोक म्हणतात, आमदार निधीतून करा ना. तो निधी वर्षाला ५ कोटींचा आहे आणि कामाची शिफारस आमदार करत असला तरी मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. त्यातून रस्ता होतो, खोली होते, एका नर्सचा एका महिन्याचा पगार होत नाही. पगार हा आवर्ती खर्च, म्हणजे दर महिन्याला पुन्हा पुन्हा करावा लागणारा. तो मिळवायचा तर सभागृहातच भांडावं लागतं. म्हणून मला मनापासून वाटतं की आमदाराचं खरं काम नारळ फोडण्याच्या आधी आणि नंतर असतं, आणि नेमकं तेच कुठल्या पुस्तिकेत छापता येत नाही.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ताईंनी नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना दिली, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून सभागृहात उत्तर मागणारी. ती स्वीकारली गेली, त्या दिवशीच्या यादीत आम्ही सहावे होतो. सकाळी सरकारचं छापील निवेदन हातात पडलं आणि माझे हातपाय गार झाले. लिहिलं होतं: बाह्यरुग्ण सेवा सुरू आहे, रुग्णांची गैरसोय होत असल्याची बाब खरी नाही.

वाक्य खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. बाह्यरुग्ण तपासणी चालू होती, पण जुन्या आरोग्य केंद्राच्या इमारतीत. नव्या इमारतीचा उल्लेख निवेदनात कुठंच नव्हता. ताईंनी नुसतं 'बंद आहे' म्हटलं असतं तर मंत्र्यांनी निवेदनावर बोट ठेवलं असतं आणि विषय दोन मिनिटांत संपला असता.

मी गावातल्या आशा कार्यकर्तीला फोन लावला. ती लसीकरणाच्या गडबडीत होती, तरी म्हणाली, "भाऊ, अर्धा तास द्या." चाळीस मिनिटांनी तीन फोटो आले. पहिला फाटकाचा. दुसरा खिडकीच्या काचेतून काढलेला, आत क्ष-किरण यंत्राची लाकडी पेटी, खिळे तसेच ठोकलेले. तिसरा मुख्य दाराच्या कुलपाचा. कुलूप पावसानं गंजू नये म्हणून कुणीतरी त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तारेनं बांधला होता. ट्यूब उन्हानं भेगाळलेली, तार तांबूस झालेली. दोन पावसाळे तरी तिनं काढले असावेत. हे दार लवकर उघडायचं नाही, हे ती बांधणाऱ्यानं धरूनच चाललं होतं. शेतात विहिरीच्या मोटारीच्या खोलीला आपण करतो तसंच. मला त्या फोटोकडे बघवेना.

फोटोंच्या प्रती काढल्या, खाली वेळ लिहिली, सकाळी दहा चाळीस, आणि शिपायाकरवी ताईंकडे आत पाठवल्या. सोबत हातानं लिहिलेली चिठ्ठी: 'निवेदन जुन्या इमारतीबद्दल आहे. विचारा, कोणती इमारत?'

दुसऱ्याच एका विषयावरून सभागृह दोनदा तहकूब झालं. दुपार टळली. मी लॉबीतल्या टीव्हीसमोर उभा. नाव पुकारलं आणि सदस्य जागेवर नसला तर सूचना हातची जाते, म्हणून ताई जेवायलाही उठल्या नाहीत. पाणी तेवढं पाठवलं. पाचव्या क्रमांकाची लक्षवेधी मंत्री हजर नसल्यानं राखून ठेवली आणि एकदम आमचा पुकारा झाला.

ताई मोठ्यानं बोलणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अध्यक्ष महोदय, निवेदनातली सेवा कोणत्या इमारतीत सुरू आहे, जुन्या की नव्या?" मंत्री म्हणाले, माहिती घेतो. "आज सकाळी दहा चाळीसला नव्या इमारतीला कुलूप होतं. फोटो आपल्याकडे देते. पदनिर्मितीची फाईल आज आरोग्य विभागात आहे की वित्त विभागात?" मंत्र्यांनी मागं अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. तिथून चिठ्ठी यायला वेळ लागला.

तेवढ्या वेळात जे झालं, त्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे. समोरच्या बाकांवरचे एक सदस्य उठले, पक्ष वेगळा, जिल्हा विदर्भातला. म्हणाले, माझ्याकडेही असंच एक आहे. मग कोकणातले एक उठले. मग तिसरे. २८८ जणांच्या सभागृहात सकाळपासून एकमेकांचं ऐकून न घेणारी माणसं दहा मिनिटं एकाच गोष्टीवर बोलत होती. प्रत्येकाकडे कुठंतरी एक कुलूप होतं. अध्यक्षांनी मंत्र्यांना मुदत सांगायला सांगितली. मंत्री म्हणाले, अधिवेशन संपल्यापासून महिन्याभरात प्रस्ताव उच्चस्तरीय समितीपुढे ठेवू.

मी ते वाक्य वेळेसकट वहीत उतरवलं. सभागृहात मंत्र्यांनी दिलेला शब्द आश्वासन समितीच्या, म्हणजे दिलेली आश्वासनं पाळली का हे पाहणाऱ्या आमदारांच्या समितीच्या, कक्षेत येतो. तो कार्यवृत्तात आला की त्याचा पाठपुरावा करता येतो, पण पाठपुरावा कुणीतरी करावा लागतो. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता, भुकेनं की कशानं कुणास ठाऊक. म्हणाल्या, "त्या आशा कार्यकर्तीला फोन लाव आधी." आणि स्वतः तिच्याशी बोलल्या.

महिन्याचे सात महिने झाले. मंत्रालयात मी किती वेळा गेलो, मोजलं नाही. एकदा फाईल परत आली, कारण आकृतिबंधाचा, म्हणजे कोणती पदं किती हे दाखवणारा, एक तक्ता जुन्या नमुन्यात होता. एकदा टेबलावरचा माणूस बदलून गेला. शेवटी शासन निर्णय निघाला, भरती आणि बदल्यांत आणखी काही महिने गेले, आणि एका सकाळी आशा कार्यकर्तीचा चौथा फोटो आला. दार उघडं, उंबऱ्यावर चपलांचा ढीग.

मी उद्घाटनाचा कार्यक्रम ठरवायचा का म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, "फीत एकदा कापून झालीय."

परवा आजी पुन्हा भेटल्या, नातीला लस द्यायला आल्या होत्या, त्याच दवाखान्यात. साधी बाळंतपणं आता तिथं होतात. सिझेरियनची वेळ आली तर अजूनही चाळीस किलोमीटर, कारण भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे पण माणूस रुजू झालेला नाही. येत्या अधिवेशनासाठीचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं तो, मी काल रात्री टाईप केला. ताईंनी सकाळी वाचला, 'रिक्त' शब्दाखाली रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'केव्हापासून, तारीख घाल.' तारीख काढायला आता जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात निघालो आहे.