शातेचं पान आणि नगावरची मजुरी

माझा धंदा हिशेब तपासण्याचा. त्यामुळे जंगल वाचवण्याबद्दल काहीही वाचलं तरी पैसा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो, हे मी आधी शोधते. खोड आहे, जायची नाही.

ग्वाटेमालाच्या उत्तरेला, पेतेनमध्ये, १९९० साली सुमारे २१ लाख हेक्टरचं माया राखीव जंगल जाहीर झालं. गाभ्यात राष्ट्रीय उद्यानं. बाहेरच्या पट्ट्यात मात्र १९९४ पासून गावांच्या संस्थांना २५ वर्षांच्या कराराने जंगल वापरायला मिळू लागलं. मला विचारलं असतं, तर उद्यानं टिकतील आणि पट्टा उजाड होईल, असंच मी सांगितलं असतं. पण लागुना देल तिग्रे उद्यानाचा मोठा भाग गुरांच्या कुरणांनी गिळला, आणि करार नीट पाळणाऱ्या गावांकडे तोड नगण्य राहिली.

सगळीकडे जमलं नाही, हेही खरं. काही गावांनी गुरांसाठी जंगल साफ केलं आणि त्यांचे करार रद्द झाले.

माझं मन अडकलं ते शातेमध्ये. ही दाट सावलीत वाढणारी बुटकी ताडजात. हिची पानं तोडल्यावरही बरेच दिवस हिरवी राहतात, म्हणून पुष्परचनेत आणि अमेरिकेतल्या चर्चमध्ये त्यांना मागणी असते. वरचं झाड पडलं की सावली गेली, आणि शातेही गेली. पूर्वी तोडणाऱ्याला पैसे मिळायचे नगावर. नगावर पैसे दिले की माणूस नगच आणणार. डागाळलेलं, फाटलेलं, सगळं. त्यातली कितीतरी पानं पुढे गोदामात फेकून दिली जात. मग उआशाक्तूनसारख्या गावात बायका पानं निवडायला बसल्या आणि पैसे फक्त चांगल्या पानाचे मिळू लागले. वाईट पान झाडावरच राहू लागलं. कुणी पहारा वाढवला नव्हता, मजुरी मोजायची रीत तेवढी बदलली. वाचताना मी खुर्चीत ताठ बसले!

कार्मेलिता गावाचा करार २०१९ मध्ये आणखी २५ वर्षांनी वाढला. तिथे महोगनीही निवडून तोडतात, पण आज रुजलेलं महोगनीचं रोप तोडणीला यायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागतात. माझ्यासमोर ही फाइल आली असती, तर मुदतीच्या रकान्याशेजारी मी लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं असतं.