जॉर्जटाउनचं होटेल द पॅरिस: रेल्वेच्या आधी इथे जा

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की साधारण तासाभरात जॉर्जटाउन लागतं. बहुतेक मंडळी येतात ती लूप रेल्वेसाठी, म्हणजे डोंगरात वळसा घेणाऱ्या छोट्या गाडीसाठी. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. आई-बाबा पुण्याहून आलेले, तिकिटं दुपारची, हातात अडीच तास. वेळ घालवायला म्हणून सहाव्या रस्त्यावरच्या या जुन्या हॉटेलात शिरलो आणि शेवटी स्टेशन गाठताना धावपळ झाली.

हॉटेलचा मालक लुई दुपुई. मूळ नाव अदोल्फ जेरार, फ्रान्समधल्या आलाँसों गावचा. अमेरिकन सैन्यातून पळाला, नाव बदललं, डेन्व्हरमध्ये वार्ताहर झाला आणि मग चांदीच्या ओढीने इथे खाणीत उतरला. १८७३ मध्ये स्फोटात जबर जखमी झाला. गावाने त्याच्यासाठी वर्गणी काढली. त्यातून त्याने एक बेकरी चालवायला घेतली आणि १८७५ मध्ये तिथेच हॉटेल थाटलं. आडनाव खोटं, पण थाट अस्सल फ्रेंच.

जेवणघरात जरा थांबा. फिक्या-गडद लाकडी पट्ट्यांची जमीन, मध्ये चक्क कारंजं, टेबलांवर फ्रान्समधल्या लिमोजची नाजूक चिनीमातीची भांडी. "खाणकामगारांच्या गावात ही भांडी टिकली कशी गं?" हा आईचा पहिला प्रश्न. उत्तर चांदीच्या भावात आहे. १८९३ मध्ये भाव कोसळले, गावातला पैसा आटला. नवं सामान घ्यायला पैसाच नसला की जुनं टिकतं. दुपुई १९०० मध्ये गेला. पुढे बर्खोल्डर कुटुंबाने हॉटेल चालवलं आणि १९५४ मध्ये कलोनिअल डेम्स या महिलांच्या संस्थेने ते घेऊन संग्रहालय केलं. त्यामुळे इथलं बहुतेक सामान मूळचंच आहे. गरम-थंड पाण्याचे नळ, वाफेवर तापणाऱ्या खोल्या, फिरत्या विक्रेत्यांना माल मांडायला वेगळी जागा. बाबा मात्र ग्रंथसंग्रहापाशी अडकले, त्यांना तिथून हलवणं सोपं नव्हतं.

आता कामाचं. संग्रहालय बारमाही उघडं नसतं, हिवाळ्यात जाणार असाल तर आधी वेळा बघूनच निघा. माहिती सांगणारं कुणी सोबत असेल अशी फेरी घ्या, नुसतं बघत फिरलात तर अर्धी गंमत हुकेल. वर जायला जिना आहे आणि गाव सुमारे २,६०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ हजार मीटर उंच. आईला तेवढ्या जिन्यानेही धाप लागली. ज्येष्ठ मंडळी असतील तर आदल्या दिवशी डेन्व्हरला मुक्काम करा, पाणी भरपूर प्या. रेल्वेसाठी मध्ये किमान दोन तास मोकळे ठेवा. ही तीन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी, डेव्हिल्स गेटच्या उंच पुलावरून स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेते. माथेरानवाल्यांना वेगळं सांगायला नको. परतीला रविवार दुपार टाळा, स्कीइंगच्या हंगामात तर नक्कीच. आम्हाला परतताना तासाऐवजी दोन तास लागले.

वेळ उरला तर अल्वाराडो दफनभूमीत जा. दुपुईशेजारी त्याची घर सांभाळणारी सोफी गॅली विसावली आहे. हॉटेल तिच्या नावे झालं आणि काही महिन्यांतच तीही गेली. दगडावर फ्रेंचमध्ये एवढंच कोरलंय: दोन चांगले मित्र.