तीन वर्षांचा निधी कोणाला पुरतो?

पर्वतीय गोरिलाची मादी साधारण दहाव्या वर्षी प्रथम विते आणि त्यानंतर दोन पिलांमध्ये जवळजवळ चार वर्षांचे अंतर असते; म्हणजे तीन वर्षांचा निधी मिळवून तिच्या संरक्षणाचे काम सुरू केले, तर पुढचे पिलू जन्मण्याआधीच पैसे संपलेले असू शकतात. देणग्यांच्या मुदती हिशेबाच्या सोयीने ठरतात, प्राण्याच्या आयुष्यक्रमाने नव्हे, याची मला मनापासून खंत वाटते.

डिजिट नावाच्या नर गोरिलाला शिकाऱ्यांनी मारल्यावर रवांडात पर्वतीय गोरिलांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी संशोधक डायन फॉसी यांनी १९७८ मध्ये त्याच्या नावाने निधी उभारला. पुढे १९८५ मध्ये त्यांची हत्या झाली, १९९४ मध्ये रवांडात नरसंहार झाला, तरीही ते काम टिकले. हे काम रोजचे आहे. माग काढणारे कर्मचारी जंगलात शिरतात, नाकावरच्या सुरकुत्यांच्या ठेवणीवरून एकेक गोरिला ओळखतात आणि हरणांसाठी लावलेले फास काढून टाकतात. पगार थकला आणि गस्त थांबली, तर फास जागच्या जागी राहतात, आणि त्यांत एखाद्या पिलाचा हात अडकला, तर जखम चिघळून ते दगावूही शकते.

रवांडा, युगांडा आणि काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा पर्वतरांगेत १९८०च्या दशकात जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते; २०१५-१६च्या गणनेत तिथेच ६०४ आढळले. अशी वाढ इमारती किंवा वाहने देऊन झालेली नाही, त्यामागे चार दशकांचे अखंड पगार आहेत. म्हणूनच माझी छोटी मासिक देणगी मी कोणत्याही ठरावीक प्रकल्पाला न बांधता गस्तीच्या खर्चासाठी खुली ठेवली आहे.