अंगठ्याशेजारची सही

एमडीच्या पहिल्या वर्षाची मुलं प्रबंधाचे प्रस्ताव घेऊन आमच्या एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीपुढे येतात, तेव्हा नमुन्याचा आकार, सांख्यिकी सगळं पाठ असतं. मी मात्र आधी अभ्यासात भाग घेणाऱ्या रुग्णाने सही करायचं मराठी संमतीपत्र वाचते.

मध्यंतरी एका चालू अभ्यासाचे भरलेले फॉर्म मागवले. पानापानावर निळ्या शाईचा अंगठा आणि शेजारी साक्षीदार म्हणून एकच सही, त्या विद्यार्थ्याच्या रूममेटची. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: वाचता न येणाऱ्याची संमती घेताना लिहिता-वाचता येणारा निःपक्ष साक्षीदार समोर हवा. रूममेट निःपक्ष कसा? आणि तो खरंच तिथे होता का?

मुलं वाईट नसतात. वॉर्ड, इमर्जन्सी, सबमिशनची तारीख यांत ती पिचलेली असतात, हे मला दिसतं. पण ओपीडीच्या रांगेत पहाटेपासून उभी असलेली बाई पांढऱ्या कोटाला नाही म्हणणार कशी? ‘भाग घेतला नाहीत तरी उपचार तेच मिळतील’ हे वाक्य तिच्या कानावर सगळ्यात आधी पडलं पाहिजे, छापील पानाच्या तळाशी नव्हे.

म्हणून आता प्रत्येकाला संमतीपत्र कमिटीतल्या बिगरवैद्यकीय सदस्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लावतो. परवा त्यांनी विचारलं, “पाच मिली रक्त म्हणजे किती?” वाचून दाखवणाऱ्या मुलीने तिथेच लिहिलं: साधारण एक चहाचा चमचा.