बुजणाऱ्या घोड्याला द्यायची वडी

स्पर्धेपूर्वी घोडा शांत राहावा म्हणून त्याला चावून खायला द्यायच्या वड्या आता सहज मिळतात. ड्रेसाज (ठरलेल्या चाली अचूक करून दाखवण्याची स्पर्धा) असो, अडथळ्यांवरच्या उड्या असोत की इव्हेंटिंग (या दोन्हींसह मोकळ्या रानातली दौड असलेली स्पर्धा), घोड्याला परकी जागा, ध्वनिक्षेपकाचा आवाज आणि अनोळखी घोड्यांची गर्दी सोसावी लागते; आणि तो मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी असल्यामुळे बुजणे हा त्याचा हट्ट नसून स्वभावच आहे. त्याची भीती कमी व्हावी, ही इच्छा मला मनापासून पटते. मात्र वडीत काय घातले आहे यापेक्षा ती केव्हा आणि कोणत्या क्षणी दिली जाते, याला मी अधिक महत्त्व देते.

बहुतेक वड्यांमध्ये मॅग्नेशियम हे खनिज, ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, थायमिन म्हणजे ब1 जीवनसत्त्व, आणि शिवाय कॅमोमाइलसारख्या वनस्पती असतात. सुमारे 500 किलो वजनाच्या, फारसे काम नसलेल्या घोड्याला दिवसाला साधारण 7.5 ग्रॅम मॅग्नेशियम लागते, आणि चांगल्या चाऱ्यातून ते बहुधा मिळून जाते. कमतरता असेल तर पूरक मात्रेचा उपयोग होतो. नसेल तर जादा मॅग्नेशियमचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. ट्रिप्टोफॅनविषयी मी अधिक सावध आहे. मनःस्थितीवर परिणाम करणारे मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन त्यापासून तयार होते, म्हणून ते शांत करते असा समज आहे. परंतु घोड्यांमध्ये कमी मात्रेने सौम्य उत्तेजना आल्याचे दिसले आहे, आणि तोंडावाटे दिलेली फार मोठी मात्रा तांबड्या रक्तपेशींचा नाश घडवू शकते.

त्यानंतर येतो नियमांचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या, निषिद्ध पदार्थांच्या यादीत व्हॅलेरियन या शांत करणाऱ्या वनस्पतीतील व्हॅलेरेनिक आम्लाचा समावेश आहे. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबून चालत नाही, कारण नमुन्यात निषिद्ध पदार्थ सापडला, तर तो कसा आला हे पाहण्याआधीच स्वार जबाबदार धरला जातो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या संघाचे उड्यांच्या स्पर्धेतील कांस्यपदक गेले, ते त्यांच्या एका घोड्याच्या नमुन्यात मिरचीतले कॅप्सेसिन सापडल्यामुळे. म्हणून प्रत्येक घटकाचे नाव आणि प्रमाण स्पष्ट न लिहिलेली वडी, कितीही स्तुती ऐकली तरी, मी घोड्याच्या तोंडाजवळ नेत नाही.

चावण्याच्या क्रियेचे मोल मात्र खरोखर मोठे आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, तर त्याला आवर घालणारी लाळ मुख्यतः चावतानाच सुटते. रिकाम्या पोटी दौडताना हे आम्ल जठराच्या वरच्या, संरक्षक आवरण नसलेल्या भागावर उसळते आणि अशा घोड्यांत व्रणांचे प्रमाण बरेच आढळते. एक वडी काही क्षणांत संपते, त्यामुळे तिच्याकडून एवढी लाळ अपेक्षिणे व्यर्थ आहे; सरावाला निघण्याआधी थोडे गवत, शक्य असल्यास लसूणघास, खाऊ घालणे कितीतरी हिताचे. शिवाय पिष्टमय चंदीचे प्रमाण कमी केल्यावर काही घोड्यांचा उतावळेपणा ओसरतो, हेही तपासून पाहण्याजोगे आहे.

तरीही वडी निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. घोडा मान ताठ करून, नाकपुड्या फुलवून, टापा आपटत उभा असताना ती दिली, तर त्याच अवस्थेला बक्षीस मिळते. उलट, त्याने मान खाली सोडली, श्वास सोडला, कान सैल केले, की लगेच ती द्यावी. घरच्या मैदानात ही सवय आधी लागलेली असेल, तर वाहनातून उतरल्यावर ओळखीच्या हातातून मिळणारा तो घास त्याला ओळखीच्या क्रमाकडे वळवतो, आणि त्यासाठी वडीत औषधी काहीही असण्याची गरज नसते. नवी वडी स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा देणे तर टाळावेच.

पूर्वी शांत असलेला घोडा अचानक चिडू लागला, खोगीर कसताना चावायला धावला किंवा चंदी अर्धवट सोडू लागला, तर वड्यांचा डबा बाजूला ठेवून पशुवैद्याला बोलवावे. त्याच्याकडून जठर, दात आणि पाठ तपासून घ्यावी, आणि खोगीर पाठीवर नीट बसते की नाही हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.