वहिनीची पहिली तपासणी

आज वहिनीला सरकारी दवाखान्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीला नेलं. वय 42, आणि ही पहिलीच वेळ! मागे एका खासगी ठिकाणी खर्च ऐकूनच ती परत फिरली होती. इथे एक पैसाही लागला नाही.

सिस्टरनं पातळ ॲसिटिक ॲसिड लावलं (व्हिनेगरमध्ये असतं तेच), मिनिटभर थांबून पाहिलं. पांढरा डाग नाही, म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. झालं! कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधीचे बदल यात दिसू शकतात. 30 ते 65 वयाच्या बायकांनी दर 5 वर्षांनी करायची ही तपासणी, पण आमच्या घरात कुणी हा विषयच काढला नव्हता. याचं फार वाईट वाटलं.

राजवाड्याजवळ पोहे-जिलेबी खाताना वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, मंगळवारी माझ्या जावेलाही आणू या."